एकोणचाळीस गुणसूत्रे

परभणी जिल्हा कापसाचा, ज्वारीचा आणि तुरीचा म्हणून साऱ्या महाराष्ट्रास परिचित आहे, आणि मानवत व सेलू येथील बाजारांत कापसाच्या गाड्यांची रांग लागते हेही सर्वश्रुत आहे. परंतु ज्या कापसाच्या भावाची चर्चा येथील प्रत्येक ओसरीवर होते, त्याच कापसाच्या कळीत, परागकोशाच्या आत, पेशीचे विभाजन कोणत्या क्रमाने घडते याची चर्चा ओसरीवर झालेली आम्ही तरी पूर्वी कधी ऐकली नव्हती. ती ऐकण्याचा योग एका घरगुती पेचामुळे आला. आमचे एक स्नेही महसूल खात्यातून नायब तहसीलदार म्हणून निवृत्त झाले असून सारी गल्ली त्यांना भाऊसाहेब म्हणते. त्यांची धाकटी कन्या वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. झाली आणि लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा अर्ज भरण्याऐवजी पेशीविभाजनावर संशोधन करण्याचा मनोदय तिने घरात बोलून दाखवला. भाऊसाहेबांनी तेव्हा जवळच राहणाऱ्या, कृषी महाविद्यालयात पेशीजननशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या सरांना पाचारण केले. आणि आम्हांस मध्यस्थ म्हणून, म्हणजे खरे पाहता चहाला सोबत म्हणून, बोलावले. पुढील संवादाची भाषा आम्ही किंचित नीटनेटकी केली आहे. मुद्दे ज्याचे त्याचे आहेत.

भाऊसाहेब : सर, पोरगी हुशार आहे, याबद्दल तक्रार नाही. तक्रार विषयाबद्दल आहे. पेशी दुभंगते, ती कोणाचा हुकूम घेऊन दुभंगत नाही आणि कोणाच्या मनाईने थांबत नाही. ती कशी दुभंगते हे डोळे फोडून पाहण्यात हिची ऐन उमेदीची वर्षे खर्ची घालायची, त्यातून हिच्या पदरात काय पडणार?

सर : भाऊसाहेब, आपली सारी हयात खातेफोडी आणि वाटण्यांचे दावे पाहण्यात गेली, तेव्हा आपणांस हा विषय इतरांहून लवकर उमजेल. पेशी वाटणी करते ती मात्र आपल्या कचेरीतील कोणत्याही वाटणीहून चोख. प्रथम ती आपल्या सगळ्या दप्तराची, म्हणजे गुणसूत्रांची, हुबेहूब नक्कल करते. मूळ आणि नक्कल एकमेकींना चिकटून राहतात. मग दोन टोकांकडून सूक्ष्मनलिकांचे धागे निघतात, त्यांचा तर्कू तयार होतो, आणि प्रत्येक जोडीला दोन्ही बाजूंनी धागा लागल्याखेरीज कोणतीही जोडी फुटत नाही. एकाच गुणसूत्राला धागा लागायचा राहिला, तरी त्या एका गुणसूत्रापायी सगळे काम तहकूब राहते.

भाऊसाहेब : म्हणजे एका सहहिस्सेदाराची सही राहिली की वाटणीपत्र अडते.

सर : अगदी तसेच. ही सही तपासणारी यंत्रणा कोणती, ती एका अडलेल्या गुणसूत्राची खबर साऱ्या पेशीला कशी देते, आणि कधी कधी ती चुकते का, हाच आज या शास्त्रातील मोठा प्रश्न आहे. ती चुकली म्हणजे एका पेशीला एक गुणसूत्र अधिक जाते आणि दुसरीला एक कमी पडते. मनुष्याच्या पेशीत सेहेचाळीस गुणसूत्रे असतात. गर्भाच्या पेशींत एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक होऊन ती सत्तेचाळीस झाली, की मूल डाऊन लक्षणसमूह घेऊन जन्मास येते. कर्करोगाच्या गाठीतील पेशी तपासाव्यात तर तेथे या हिशेबाची पुरती बेबंदशाही आढळते.

भाऊसाहेब : मग हे मुंबईच्या रुग्णालयांचे काम झाले. परभणीचा याच्याशी संबंध काय?

या प्रश्नावर सरांनी चहाचा पेला खाली ठेवला. हा प्रश्न विचारला जावा याचीच ते वाट पाहत होते, असे आम्हांस वाटले.

सर : संबंध आपल्या जिल्ह्याच्या मातीतला आहे. निजामाच्या अमदानीत परभणी व नांदेडकडचा गावराणी कापूस नावाजलेला होता. हा देशी कापूस, याच्या पेशीत सव्वीस गुणसूत्रे. अमेरिकन कापूस मागाहून आला, त्याच्या पेशीत बावन्न. देशी झाड काटक, पावसाने ओढ दिली तरी तग धरणारे आणि तुडतुड्यांना सहसा दाद न देणारे; परंतु त्याचा धागा आखूड, आणि गिरणीला हवा लांब धागा. तेव्हा दोघांचा संकर करावा हे कोणाच्याही मनात येईल. संकर केला तर काय होते? देशीकडून तेरा गुणसूत्रे येतात, अमेरिकनकडून सव्वीस, आणि रोपाच्या पेशीत एकोणचाळीस भरतात. रोप वाढते, फुलते, पण बी धरत नाही.

कन्या : मी त्याची स्लाइड पाहिली आहे, बाबा. सकाळी कळ्या तोडून अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लाच्या मिश्रणात घालायच्या, नंतर परागकोश काढून कारमाइनच्या रंगात चिरडायचे, वरून काचपट्टी हलकेच दाबायची. बहुतेक पेशी फुकट जातात. पण एखादी नेमक्या क्षणाची पेशी सापडली, तर तेरा जोड्या मधल्या रेषेवर नीट उभ्या दिसतात आणि उरलेली तेरा गुणसूत्रे जोडीदाराविना इकडे तिकडे विखुरलेली दिसतात. त्यांना कोणत्या बाजूस जावे हे कळत नाही. म्हणून पराग वांझ निघतात.

आम्ही भाऊसाहेबांकडे पाहिले. कन्येने हे वर्णन घरात पूर्वी केले नसावे.

सर : ही कोंडी फोडली ती कोल्चिसिनने. हे द्रव्य तर्कूच्या धाग्यांचे प्रथिन पकडून ठेवते, धागे विणलेच जात नाहीत. गुणसूत्रांची नक्कल तर होऊन गेलेली असते, पण वाटणीचे साधनच नाही. त्यामुळे दोन्ही प्रती एकाच केंद्रकात राहतात आणि एकोणचाळीसाची अठ्ठ्याहत्तर होतात. आता प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळाला, झाड सुपीक झाले, आणि पुढे देशी कापसाशी त्याचा पुनःपुन्हा संकर करीत लांब धाग्याचा गुण देशी झाडात आणता आला. १९३७ साली अमेरिकेत ब्लेकस्ली आणि ॲव्हरी यांनी कोल्चिसिनचा हा उपयोग जगापुढे मांडला. आपल्याकडे परभणीच्या महबूब बागेतील कापूस संशोधन केंद्रातून पीए २५५, पीए ४०२, पीए ०८ असे लांब धाग्याचे देशी वाण निघाले, ते याच परंपरेतील. आणि कोल्चिसिन ज्यात असते ती वनस्पती परदेशीच असली पाहिजे असे नाही. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी, तांबड्या-पिवळ्या ज्वाळेसारख्या फुलांची कळलावी आपण पाहिली असेल. तिच्या कंदात आणि बियांत तेच विष आहे.

भाऊसाहेब : कळलावी ठाऊक आहे. विषारी म्हणून तिला गुरांपासून दूर ठेवतात. पण सर, रागावू नका, तुमचे पीए अमुक आणि पीए तमुक अहवालांत असतील. जिंतूरपासून गंगाखेडपर्यंत शेतांत बीटी हायब्रीड उभे आहे, आणि तेही अमेरिकन जातीचे. मग तुमच्या गुणसूत्रांच्या विद्येने शेतकऱ्याच्या घरात काय आले?

हा घाव वर्मी बसला. सर क्षणभर थांबले, आणि त्यांनी जे उत्तर दिले ते आम्हांस प्रामाणिक वाटले.

सर : आपले म्हणणे खरे आहे, आणि त्याचे दुःख आम्हां मंडळींस आपल्याहून अधिक आहे. २००२ साली बीटी कापसास परवानगी मिळाली आणि थोड्याच वर्षांत संकरित बियाण्याने शेत व्यापले. देशी वाणाचे बी शेतकरी घरचे ठेवू शकतो. संकरित बी त्याला दरसाल विकत घ्यावे लागते. व्यापारी कोणते बी गावोगाव पोचवील हे यावरून आपणच ताडा. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रात जो हाहाकार उडवला, त्यानंतर देशी कापसाची आठवण पुन्हा काही लोकांस झाली. पण या अपयशात विद्येचा दोष नाही. विद्येने वाण दिला, बाजाराने तो उचलला नाही. आणि मुलीच्या प्रश्नाशी याचा संबंध इतकाच, की ती जे शिकू म्हणते ते येथील शेतीला परके नाही.

भाऊसाहेब : बरे, विषय परका नाही हे मी मान्य करतो. आता पोटापाण्याचे बोला.

येथून संवादाने वळण घेतले, आणि खरा मतभेद कोठे आहे हे हळूहळू उघड होऊ लागले. तोपर्यंत भाऊसाहेब विषयाच्या उपयुक्ततेवर हल्ला चढवीत होते, पण उपयुक्ततेबद्दल त्यांचे फारसे मत नव्हतेच. त्यांना हिशेब हवा होता.

सर : सीएसआयआर-युजीसीची संयुक्त नेट परीक्षा वर्षातून दोनदा होते. तिच्यात कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली, तर १ जानेवारी २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० रुपये, पुढे वरिष्ठ छात्रवृत्तीचे ४२,०००, आणि घरभाडे निराळे. एकूण मुदत पाच वर्षे. हे न साधले तर राज्य शासनाच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या छात्रवृत्त्या ज्या त्या प्रवर्गासाठी आहेत. शिकण्यास संस्था आहेत. पुण्यास २००६ साली स्थापन झालेली आयसर आहे, विद्यापीठाच्या आवारातच राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे, ज्याच्या कोठारातून देशभरच्या प्रयोगशाळांना जिवंत पेशी पुरविल्या जातात. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्था, खारघरला टाटा स्मारकाचे कर्करोग संशोधन केंद्र. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक दुलाल पांडा यांच्या प्रयोगशाळेने याच सूक्ष्मनलिकांवर, आणि जिवाणूंची पेशी मधोमध आवळून तोडणाऱ्या प्रथिनावर, वर्षानुवर्षे काम केले. देवगिरी एक्स्प्रेसमध्ये रात्री बसले की सकाळी मुंबई.

भाऊसाहेब : रात्री बसले की सकाळी मुंबई, हे मान्य. पण पाच वर्षांनी पदवी घेऊन परत कोणत्या गाडीत बसायचे, ते सांगा. मी चौकशी केली आहे. पीएच.डी. झाल्यावर दोन-तीन वर्षे, कधी पाच-सहा वर्षे, परदेशी किंवा येथेच पुन्हा उमेदवारी. नंतर जागेची जाहिरात निघाली तर निघाली. माझ्या ओळखीच्या घरातील एक मुलगा डॉक्टरेट घेऊन महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. सुटीच्या महिन्यांत त्याला तास नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत. छात्रवृत्तीचे आकडे तुम्ही सांगितले, पण ती महिन्याच्या महिन्याला येते काय? माझा कारकून सुद्धा एक तारखेस पगार घेऊन घरी जात असे.

सरांनी हे खोडून काढले नाही. छात्रवृत्तीला विलंब होतो, विद्यार्थी ओरड करतात आणि ती ओरड खोटी नाही, हे त्यांनी कबूल केले. नंतर त्यांनी वाट फिरवली, आणि येथे आमच्या मते त्यांचे सर्वांत सबळ प्रतिपादन झाले.

सर : भाऊसाहेब, जागा म्हणजे केवळ प्राध्यापकाची जागा, असे धरले तर आपला हिशेब बिनतोड आहे. पण पेशीविभाजन नजरेने ओळखता येणे हे एक हस्तकौशल्य आहे, आणि ते विकत घेणारे लोक अनेक आहेत. शेजारच्या जालन्यात १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी महिको सुरू केली. आज बियाण्याच्या मोठ्या कंपन्यांना रोपाच्या पेशीत गुणसूत्रांचे किती संच आहेत हे तपासणारी माणसे लागतात, कारण बिनबियांचे टरबूज हे सुद्धा तीन संचांचे वांझ झाड असते. मोठ्या शहरांतील रुग्णालयांत गर्भाची, रक्ताच्या कर्करोगाच्या रोग्याची गुणसूत्रे मोजणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. वंध्यत्व-चिकित्सा केंद्रांत गर्भाच्या पहिल्या दोन, चार, आठ पेशी ठरल्या वेळी दुभंगतात की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहणारा माणूस असतो आणि त्याच्या निकालावर एखाद्या घराचे भवितव्य अवलंबून असते. पुण्यात लसी आणि जैविक औषधे बनवणारे कारखाने पेशी वाढवूनच चालतात. कृषी विद्यापीठात जायचे तर कृषी वैज्ञानिक भरती मंडळाची नेट निराळी आहे. मी हिला एवढेच सांगेन, की पाच वर्षांत सूक्ष्मदर्शक, त्यातील चित्रांची संगणकावर मोजणी आणि थोडे संख्याशास्त्र हे हातात आले पाहिजे. प्रबंधाचा विषय कोणताही असो.

कन्या : सर, मला तुमचे म्हणणे कळते, पण मी हे नोकरीसाठी निवडलेले नाही. त्या तेरा एकट्या गुणसूत्रांना पेशी अडवत का नाही, हे मला समजून घ्यायचे आहे. अडवायला हवे ना? एक गुणसूत्र सुटले तर पेशी थांबते असे तुम्हीच म्हणालात, मग येथे तेरा सुटलेली असताना ती पुढे कशी जाते?

सर हसले. या प्रश्नाचे उत्तर परभणीत बसून मिळणार नाही, एवढेच ते म्हणाले. आणि आपल्या मुलीने विचारलेल्या प्रश्नाला निवृत्त प्राध्यापकाजवळ तयार उत्तर नाही हे पाहून भाऊसाहेबांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला, तो अभिमानाचा होता की चिंतेचा, हे आम्हांस ठरवता आले नाही.

सर : हिला दोन माणसांची चरित्रे वाचायला द्या. एक कमल रणदिवे. पुण्याच्या मुली ज्या काळी डॉक्टर होत किंवा शिक्षिका होत, त्या काळी, म्हणजे १९४३ साली, त्यांनी पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून सीताफळाच्या कुलातील वनस्पतींच्या पेशीजननशास्त्रावर एम.एस्सी. केले. सीताफळ, भाऊसाहेब! आपल्या मराठवाड्याच्या डोंगरकपारीचे फळ. तेथून त्या मुंबईस डॉ. खानोलकरांच्या हाताखाली कर्करोगाच्या संशोधनास गेल्या, १९४९ साली डॉक्टरेट घेतली, बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याजवळ ऊतिसंवर्धन शिकून परत आल्या आणि मुंबईत देशातील पहिल्या ऊतिसंवर्धन प्रयोगशाळांपैकी एक उभारली. १९७३ साली भारतीय महिला वैज्ञानिक संघ स्थापन करण्यात त्या अग्रभागी होत्या. १९८२ साली पद्मभूषण मिळाले.

दुसरा इंग्रज आहे, पॉल नर्स. शालेय फ्रेंच भाषेच्या परीक्षेत तो इतक्या वेळा नापास झाला, की विद्यापीठात प्रवेश मिळेना, म्हणून दारूच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मदतनीस झाला. पुढे त्याने यीस्टच्या पेशीत असे एक जनुक शोधले, जे विभाजन केव्हा सुरू व्हावे याचा हुकूम देते; आणि १९८७ साली त्याच्या प्रयोगशाळेत असे सिद्ध झाले की तेच काम करणारे मनुष्याचे जनुक यीस्टमध्ये घातले, तर अडलेले यीस्ट पुन्हा दुभंगू लागते. मनुष्य आणि यीस्ट यांच्यामध्ये कोट्यवधी वर्षांचे अंतर, तरी हुकमाची भाषा एकच. हार्टवेल आणि हंट यांच्यासह त्याला २००१ चे नोबेल मिळाले.

भाऊसाहेब : नोबेलवाल्यांचे दाखले मला देऊ नका, सर. लॉटरी लागलेल्याचे नाव तिकीट विकणारा नेहमीच सांगतो. रणदिवेबाईंचा दाखला मात्र मी ऐकला. त्यांना नोकरी होती का, कोणत्या वयात होती, हे मला पाहावे लागेल.

या उत्तरात भाऊसाहेबांची सारी वृत्ती सामावलेली आहे, आणि आम्ही त्यास क्षुद्र म्हणण्यास तयार नाही. मराठवाड्यातील मध्यमवर्गीय घराने गेल्या दोन पिढ्यांत जे मिळवले ते सरकारी नोकरीच्या बळावर मिळवले. दुष्काळाच्या सालात ज्या घरात पगार येत होता ते घर तगले आणि ज्या घरात नव्हता त्या घराची जमीन गहाण पडली, ही स्मृती ज्याच्या डोक्यात आहे, त्याने मुलीच्या चाळिशीपर्यंतच्या अनिश्चिततेचा जाब विचारणे हा बापाचा हक्कच होय. सरांचा पक्ष विषयाच्या बाबतीत निःसंशय बरोबर आहे: पेशीविभाजन ही परदेशी चैन नव्हे, सदाफुलीतून निघालेले जे व्हिन्क्रिस्टीन बालकांच्या रक्तकर्करोगावर आज दिले जाते ते तर्कूचे धागे मोडूनच काम करते, आणि ती सदाफुली परभणीच्या अंगणाअंगणांत फुलते. परंतु विषय चांगला आहे एवढ्याने त्या विषयात आयुष्य घालणाऱ्याची जोखीम कमी होत नाही, आणि ही जोखीम आज जवळजवळ संपूर्णपणे तरुण संशोधकाच्या आणि त्याच्या घरच्या माथी आहे. २००८ पासून केंद्राचे जैवतंत्रज्ञान खाते व ब्रिटनचे वेलकम ट्रस्ट मिळून तरुण संशोधकांना अनुदान देतात, २०२३ च्या कायद्याने अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आले. ही सारी व्यवस्था प्रशंसनीय असली, तरी तिचा लाभ प्रथम पदवीची नदी पार करून आलेल्यांस मिळतो.

शेवटी समेट झाला तो भाऊसाहेबांच्याच खात्याच्या पद्धतीने, मुदतीचा. कन्येने दोन्ही नेट परीक्षांचे अर्ज भरावेत. छात्रवृत्ती मिळाली तर घर आड येणार नाही. छात्रवृत्तीविना केवळ प्रवेश मिळाला तर जाऊ नये. आणि दोन वर्षांत काहीच न साधले तर लोकसेवा आयोगाच्या अभ्यासास निमूटपणे बसावे. कन्येने शेवटच्या अटीतील 'निमूटपणे' हा शब्द काढावयास लावला. सरांनी तिला सूक्ष्मदर्शकाचा सराव सुटू नये म्हणून कांद्याच्या मुळांची टोके घेऊन दर रविवारी येण्यास सांगितले.

निघताना भाऊसाहेबांनी सरांना जी एक गोष्ट सुनावली ती येथे नमूद करून आम्ही थांबतो, कारण ती केवळ सरांना उद्देशून नव्हती. ज्या संस्था पीएच.डी.साठी विद्यार्थी घेतात त्यांनी, आपल्याकडून मागील दहा वर्षांत किती जण पदवी घेऊन गेले, त्यांना किती वर्षे लागली, छात्रवृत्तीला किती विलंब झाला आणि आज ते कोठे कोणत्या कामावर आहेत, याचे पत्रक प्रवेशाच्या जाहिरातीसोबतच प्रसिद्ध करावे. परभणीतील बाप त्यानंतर मुलीला अडवील की पाठवील हे तो पत्रक वाचून ठरवील. अशा पत्रकास खर्च फारसा नाही, आणि ते मागण्याचा अधिकार प्रत्येक अर्जदारास आहे. अर्ज भरण्यापूर्वी तो अधिकार वापरावा, ही या जिल्ह्यातील विद्यार्थ्यांस आमची विनंती.